रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र नाही : आयबीएस म्हणजे नेमकं काय?

फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या कदंब बसमध्ये चढण्याआधी स्टँडवरच्या शौचालयात दोनदा जाऊन येणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो मी. एकदा जाऊन आल्यावर पोट ‘झालं’ म्हणत नाही, आणि बाणस्तारीचा पूल ओलांडेपर्यंत ते पुन्हा काय म्हणेल याचा भरवसा नसतो. फोंडा ते पणजी या वाटेवर कुठल्या हॉटेलचं शौचालय मागच्या बाजूला आहे आणि कुठे चहा न घेता आत सोडतात, हे मला शाळेतल्या मुलांच्या नावांइतकं पाठ आहे.

मी डॉक्टर नाही, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी हा त्रास सुरू झाला तेव्हा रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी आणि शेवटी दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, सगळं झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” मावशी म्हणाली, “काही निघालं नाही, देवाची कृपा.” पोट दुखायचं ते दुखतच राहिलं. ‘काही नाही’ हे उत्तर ऐकून घरी परतणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. एप्रिल महिना जगभर आयबीएस जागृतीचा म्हणून पाळला जातो, आणि हल्ली तर बाराही महिने मोबाइलवर ‘गट हेल्थ’च्या, म्हणजे आतड्याच्या आरोग्याच्या, पावडरींचा पूर आलेला असतो. त्या पुरात वाहून जाण्याआधी हा आजार नीट समजून घेतलेला बरा.

आधी नाव

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. चिडकं, हुळहुळं झालेलं आतडं. ‘सिंड्रोम’ म्हणजे लक्षणांचा असा समूह जो पुन्हा पुन्हा एकत्रच दिसतो.

तो ओळखायचे निकष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने ठरवले आहेत. गटाच्या बैठका रोममध्ये सुरू झाल्या म्हणून त्यांना रोम निकष म्हणतात. २०१६ च्या आवृत्तीनुसार मुख्य लक्षण आहे पोटदुखी : गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी. शिवाय पुढच्या तीनपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाला जाण्याची वारंवारता बदलणं आणि शौचाचं रूप बदलणं. त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेले असावेत.

म्हणजे नुसते गॅस झाले किंवा लग्नात जेवून दोन दिवस पोट बिघडलं, तर तो आयबीएस नव्हे. रोज शौचाला झालं नाही म्हणूनही नव्हे. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या पोट साफ झालं नाही की घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. वैद्यकाच्या हिशेबात मात्र दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, हे सगळं नॉर्मलमध्ये बसतं.

काहींना जुलाबाचा प्रकार होतो, काहींना बद्धकोष्ठाचा, आणि माझ्यासारख्या नशीबवानांना आलटून पालटून दोन्ही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या पाहणीत, जिथे इंटरनेटवरून प्रश्न विचारले गेले तिथे या कडक निकषांनुसार शंभरातली साधारण चार माणसं आयबीएसची निघाली. जुन्या, ढिल्या निकषांनी तर दहातलं एक माणूस त्यात बसायचं. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे.

रस्ता ठीक, रहदारी बिघडलेली

मग तपासण्यांत काही दिसत का नाही?

मांडवीवरच्या पुलाची पाहणी करायला पहाटे तीन वाजता इंजिनिअर गेला असं समजा. तडा नाही, गंज नाही, खड्डा नाही. तो लिहितो, ‘पूल उत्तम.’ खोटं काहीच लिहिलेलं नाही. पण सकाळी साडेनऊला त्याच पुलावर गाड्या तुंबतात, कुणी हॉर्न मारतो, कुणी मधेच गाडी घुसवतो. त्याच्या कागदावर हे येणारच नाही, कारण त्याने पूल तपासला, रहदारी नाही.

कोलोनोस्कोपी पूल बघते. आतड्याच्या अस्तरावर जखम, गाठ, सूज आहे का हे ती सांगते, आणि त्या कामात ती फार चांगली आहे. आयबीएसमध्ये बिघडलेली असते ती रहदारी. आतड्याचे स्नायू अन्न पुढे ढकलतात त्या लाटा कधी घाईच्या होतात, कधी रेंगाळतात, कधी एकाच जागी आवळून धरतात. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी शोषून घेणं. आतला माल घाईने पुढे सरकला तर पाणी शोषायला वेळ मिळत नाही, म्हणून पातळ. रेंगाळला तर पाणी गरजेपेक्षा जास्त शोषलं जातं, म्हणून शेळीच्या लेंड्या.

माइकची शिटी

पण रहदारीने अर्धंच कोडं सुटतं. पोट दुखतं का, आणि इतकं का?

१९७३ साली ब्रिटनमध्ये एक साधा, जरा विचित्र प्रयोग झाला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवून तो हळूहळू फुगवायचा आणि माणसाला विचारायचं, दुखतं का? फुगा तेवढाच फुगवला असताना आयबीएसच्या निम्म्याहून अधिक लोकांना दुखलं, इतरांपैकी अगदी मोजक्यांना. आतड्यात सगळ्यांच्याच हवा हलत असते, सगळ्यांचीच आतडी आवळतात आणि सुटतात. इतरांना ते कळतही नाही. आमच्या पोटाला कळतं. याला आतड्याची अतिसंवेदनशीलता म्हणतात.

हे मी वर्गात सांगतो तेव्हा जत्रेतल्या नाटकाचं उदाहरण देतो. देवळासमोर मांडव, गावचेच नट, भाड्याने आणलेले कर्णे. पहिला प्रवेश सुरू होतो आणि माइक कुईऽऽ करून शिटी मारतो. प्रेक्षक कान झाकतात. माइक बिघडला आहे का? नाही. कर्णा फाटला आहे का? नाही. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, माइक तो कर्ण्याला परत देतो, कर्णा आणखी मोठ्याने ओरडतो. दोघेही ठणठणीत आहेत, एकमेकांचं जरा जास्तच ऐकतात इतकंच. साउंडवाला धावत जातो तो माइक बदलायला नव्हे. तो एक बटण थोडं खाली आणतो.

पोट आणि मेंदू यांच्यात हेच होतं. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं आहे, १० कोटींहून अधिक पेशींचं. मेंदूला न विचारता ते बरंचसं काम उरकतं. मेंदू आणि पोट यांना जोडणारी मोठी नस म्हणजे व्हेगस. तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे बातम्या नेतात. वरून खाली हुकूम आणणारे त्या मानाने थोडे. आयबीएसमध्ये या तारेवरचा आवाज वाढलेला असतो. आतड्यातली किरकोळ हालचाल मेंदूला धोक्याची बातमी वाटते. मेंदू घाबरतो आणि सावधगिरीचा संदेश खाली पाठवतो, त्याने जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाई करतं. घाई झाली की दुखतं, दुखलं की वर नवी बातमी जाते. कुईऽऽ.

म्हणून आता डॉक्टर मंडळी आयबीएसला ‘आतडं-मेंदू संवादाचा विकार’ म्हणतात. आपल्या भाषेला हा संवाद केव्हाच माहीत होता, म्हणा. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की कालवतं, लेकराच्या काळजीने आतडं तुटतं.

सुरुवात होते कशी?

एकच कारण नाही. त्यातलं एक मात्र चांगलं अभ्यासलेलं आहे, आणि पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ झालेलं पाहणाऱ्या आपल्या लोकांना ते कळायला हवं.

कॅनडात वॉकर्टन नावाचं सुमारे ५,००० वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला, गुरांचं शेण वाहून गावाच्या विहिरीत गेलं आणि नळाच्या पाण्यातून जंतू घरोघर पोचले. २,००० च्या वर लोक आजारी पडले, ७ दगावले. संशोधकांनी त्या गावाचा पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर ज्यांना तेव्हा खरोखर गॅस्ट्रो झाला होता, त्यांच्यातल्या तिघांपैकी एकाहून थोड्या अधिक लोकांना आयबीएस होता. जे आजारी पडलेच नव्हते त्यांच्यात दहापैकी एकाला. जंतू कधीच निघून गेले होते, बटण मात्र वरच राहिलं होतं. आठ वर्षांनी हे प्रमाण बरंच खाली आलं, हेही सांगायला हवं.

वॉकर्टनसारखी मोठी साथ सोडा, साधा गॅस्ट्रो झालेल्यांपैकीही साधारण दहातल्या एकाला पुढे हा त्रास होतो. माझा असाच सुरू झाला. एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वाडा आडवा होता. आठवड्याने सगळे उठले, माझं पोट काही उठलं नाही. बाकीची कारणं म्हणजे घराण्यातली प्रवृत्ती, आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीत झालेले बदल, लहानपणचे किंवा मोठेपणचे जबर मानसिक आघात. बऱ्याच जणांत यांतल्या दोन-तीन गोष्टींची मिसळ असते.

“म्हणजे शेवटी मनाचाच खेळ ना?”

हा प्रश्न मला बायकोने, भावाने, मुख्याध्यापकांनी आणि एकदा बसमधल्या अनोळखी गृहस्थांनी विचारला आहे. उत्तर : नाही. पण मनाचा संबंध नाही असंही नाही. वर्गात शंभर वेळा सांगूनही मुलं या दोन वाक्यांत गल्लत करतात, मोठ्यांचं काय घ्या.

लाज वाटली की गाल लाल होतात. लाज मनात वाटली, लाली गालावर आली. ती लाली खोटी असते का? त्वचेखालच्या रक्तवाहिन्या खरोखर रुंदावलेल्या असतात. परीक्षेच्या दिवशी मुलाला जुलाब होतात तेव्हा आतडं खरोखर पळत असतं. आणि वॉकर्टनच्या लोकांना सुरुवात झाली ती पाण्यातल्या जंतूंनी, कुणाच्या स्वभावाने नव्हे.

उलट दिशेने पाहा. रोज सकाळी पोट दगा देईल या धास्तीत वीस वर्षं काढलेला माणूस चिंतातुर झाला तर नवल काय? चिंता पोटाला बिघडवते तसं पोटही चिंतेला जन्म देतं. माइक आधी की कर्णा आधी हा वाद शिटी चालू असताना घालण्यात अर्थ नाही.

२०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. आयबीएसच्या ८० लोकांपैकी अर्ध्यांना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं, ‘या गोळ्यांत औषध नाही, पण अशा गोळ्यांनीही शरीर स्वतःला सावरू शकतं असं दिसलं आहे.’ उरलेल्यांना गोळी नाही, बाकी बोलणं-तपासणं सारखंच. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांपैकी ५९ टक्के म्हणाले बरं वाटतंय, बाकीच्यांपैकी ३५ टक्के. फसवणूक नसतानाही फरक पडला. यावरून कुणी ‘बघा, आजार खोटा’ म्हणेल. मी म्हणतो, बटण खरंच आहे आणि ते वरूनही फिरवता येतं. आयबीएससाठी खास बेतलेली संमोहन-चिकित्सा आणि मानसोपचारातली बोलण्याची पद्धत यांचा उपयोग याच कारणाने होतो. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी संमोहनाचा पहिला नीट प्रयोग १९८४ सालीच छापला होता.

“आणखी एक टेस्ट करून बघू या?”

ही आपली आवडती करमणूक. एका शहरात नॉर्मल आलं की दुसऱ्या शहरात. पणजीत झालं, आता बेळगाव.

काही लक्षणं असली तर टेस्ट करायलाच हवी, आणि लगेच. शौचातून रक्त, प्रयत्न न करता घटणारं वजन, हिमोग्लोबिन कमी येणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा वेदना, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. यातलं एकही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरा. ‘मूळव्याध असेल’ म्हणत रक्ताकडे वर्षभर काणाडोळा करणारी माणसं मी पाहिली आहेत.

ही लक्षणं नसतील तर थोड्या तपासण्या पुरतात : रक्ताची साधी तपासणी, आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची एक तपासणी, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी, गरज वाटली तर थायरॉइड आणि जंतांसाठी शौच. आपल्या देशात आतड्याचा क्षयही असतो, म्हणून वजन आणि ताप यांच्याकडे डॉक्टर जास्त लक्ष देतात. हे सगळं स्वच्छ आलं आणि लक्षणं निकषांत बसली, की आयबीएसचं निदान पक्कं धरता येतं. दुसरं काही सापडलं नाही म्हणून चिकटवलेलं लेबल नव्हे ते. दरवर्षी दुर्बीण घालून घेण्याने पोट सुधारत नाही, खिसा हलका होतो. अमुक पदार्थ तुम्हाला ‘चालत नाहीत’ अशी पन्नास नावांची यादी देणाऱ्या महागड्या रक्ततपासण्याही घेऊ नका. तज्ज्ञांच्या मार्गदर्शिका त्यांची शिफारस करत नाहीत.

नावाच्या साधर्म्याने आणखी एक घोळ होतो. आयबीडी, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, हा वेगळा आजार. त्यात आतड्याला खरोखर सूज आणि जखमा होतात. आयबीएसचा आयबीडी होत नाही, कॅन्सरही होत नाही, आयुष्य कमी होत नाही. जगणं मात्र नक्की अवघड होतं.

आजीच्या तोंडी असायचा तो संग्रहणी हाच का? आयुर्वेदात ग्रहणीचं जे वर्णन आहे त्यातला काही भाग आयबीएसशी जुळतो. पण त्या एका शब्दाखाली सिलिअ‍ॅक, क्षय, जंत असे आज वेगळे ओळखता येणारे कितीतरी आजार येऊ शकतात. म्हणून ‘आमच्या आजोबांना हेच होतं’ म्हणून त्यांचा काढा घेण्याआधी वरच्या तपासण्या करा.

शिवराकचं कोडं

आता खाण्याकडे येऊ. इथे मी रेंगाळणार आहे, कारण आम्ही रेंगाळतो ते इथेच.

माझं पोट श्रावणात बरं असायचं. सोमवारीही बरं. आईचं म्हणणं, देवाचं करतोस म्हणून. भावाचं म्हणणं, मासे खात नाहीस म्हणून. भावाचं मत घरात बहुमताने पास झालं आणि मी सहा महिने मासे सोडले. गोव्यात राहून! पोट होतं तसंच. मी चिडका झालो ते वेगळं.

कोड्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात सापडलं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास काही पिष्टमय-शर्करामय पदार्थांना ‘फॉडमॅप’ असं एकत्र नाव दिलं. हे लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. ते पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. काजूच्या हंगामात बोंडूंचा रस मडक्यात भरून ठेवला की दोन-तीन दिवसांत फसफसायला लागतो. तेच आंबवणं मोठ्या आतड्यात चालतं, फक्त शेवटी फेणी न मिळता गॅस मिळतो. गॅस सगळ्यांनाच होतो. ज्याचं बटण वर आहे त्याला तो दुखतो.

फॉडमॅप सर्वांत जास्त कशात? कांदा, लसूण, गहू, चणे, राजमा, वाल, दुधातली लॅक्टोज ही साखर, सफरचंद, आंबा, काजूगर. आता शिवराक, म्हणजे आमचं सणावाराचं शाकाहारी, जेवण आठवा. कांदा नाही, लसूण नाही. श्रावणात माझं पोट सुधारायचं ते मासे गेले म्हणून नव्हे, वाटणातला कांदा गेला म्हणून. माशात फॉडमॅप नसतातच. बांगडा निर्दोष होता, सहा महिन्यांची शिक्षा उगाच झाली.

आणि पेज! तांदूळ हे लहान आतड्यात जवळजवळ पूर्ण पचून शोषलं जाणारं धान्य आहे, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी फार काही उरत नाही. अकरा वाजता उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या आमच्या आजोबांना मोनॅश ठाऊक नव्हतं. सोलकढी मला सोसते, पण लसूण ठेचून घातलेली नाही.

पोईचं प्रकरण मजेशीर आहे. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की शेजारचे काका सांगायला येतात, “मैद्याचा पाव सोड, पोई खा, तिला कोंडा असतो, पोट साफ होईल.” गव्हाचा कोंडा हा न विरघळणारा चोथा. आयबीएसमध्ये त्याने फायदा झाल्याचा पुरावा नाही, उलट अनेकांचं पोट त्याने जास्त दुखतं. उपयोग होतो तो विरघळणाऱ्या चोथ्याचा, म्हणजे आपल्या इसबगोलाचा. चमचाभराने सुरुवात, भरपूर पाणी, हळूहळू वाढ. बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्हीकडे तो चालतो, कारण तो पाणी धरून ठेवतो, गरजेप्रमाणे माल मऊही करतो आणि घट्टही.

“मग कांदा, गहू, दूध, सगळंच आयुष्यभर बंद?”

नाही, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. मोबाइलवरून यादी उतरवून घेतात, सगळं सोडतात, वजन घटवतात आणि दोन वर्षांनीही भात-ताकावरच असतात. मोनॅशच्या पद्धतीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत दोन ते सहा आठवडे यादीतले पदार्थ कमी करायचे. त्रास कमी झाला नाही तर हा मार्ग तुमचा नाही, जेवण पूर्ववत सुरू करा. कमी झाला तर दुसरी पायरी : एकेक गट परत आणून बघायचा, तीन-तीन दिवस, वाढत्या प्रमाणात, बाकी जेवण तेच ठेवून. ही खरी प्रयोगशाळा. तिसऱ्या पायरीत जे सोसतं ते सगळं परत ताटात. बहुतेकांना एखाद-दुसरा गटच नडतो. आहारतज्ज्ञ सोबत असेल तर उत्तम. वजन आधीच कमी असेल किंवा खाण्याची भीती बसली असेल तर एकट्याने हा खेळ मांडू नका.

माझा निकाल सांगतो. कांदा नापास. गहू काठावर पास, दिवसाला एक पाव चालतो. काजूगर मूठभर नाही, पाच-सहा. मानकुराद आंबा अर्धा चालतो, पण मी एक खातो आणि भोगतो. दूध पास. दक्षिण भारतात दुधातली लॅक्टोज न पचणारे लोक बरेच आहेत, त्यामुळे तुमचा निकाल वेगळा येऊ शकतो. दही आणि ताकात ती थोडी कमी असते.

लसणाची एक युक्ती आहे. त्यातला नडणारा घटक पाण्यात विरघळतो, तेलात नाही. फोडणीत अख्ख्या पाकळ्या परतून बाहेर काढून टाकल्या तर वास राहतो, त्रास जातो. आमटीत पाकळ्या उकळल्यावर मात्र काढून उपयोग नाही, माल पाण्यात उतरलेला असतो. चणे-अळसांदे रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, त्यानेही भार हलका होतो. हिंग चालतो. पण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, ते सिलिअ‍ॅकवाल्यांनी पाकिटावर वाचून घ्यावं.

तिखटाचं काय? मिरचीतला जळजळीत घटक, कॅप्सेसिन, आतड्यातल्या ज्या संवेदकांना (रिसेप्टर्सना) जाऊन चिकटतो ते आयबीएसच्या काही रुग्णांत जास्त आढळले आहेत. तेव्हा हुमणाने, म्हणजे माशाच्या तिखट कालवणाने, कुणाचं पोट पेटत असेल तर तो नखरा नाही. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, त्याआधी इथले लोक मिऱ्यांवर भागवत होते, हे मी घरी सांगून पाहिलं. हुमणाचा रंग काही बदलला नाही.

“डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली, मी वेडा आहे का?”

पेटके कमी करणाऱ्या गोळ्या, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल, जुलाब थांबवणारी किंवा शौच मऊ करणारी औषधं, ही पहिली फळी. ती अडल्या वेळेला. लांबच्या प्रवासाआधी जुलाब रोखणारी गोळी घ्यायची का हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. मला त्या एका परवानगीने अर्धं आयुष्य परत दिलं.

ती पुरली नाहीत तर डॉक्टर कधीकधी अमिट्रिप्टिलीन देतात. पाकिटातला कागद वाचून लोक हादरतात, आणि गोळी कपाटात जाते. नैराश्यासाठी हे औषध बरंच जास्त डोसात देतात. पोटासाठी १० ते ३० मिलिग्रॅम. एवढ्या डोसात ते मज्जातंतूंवरचा वेदनेचा आवाज खाली आणतं, साउंडवाल्यासारखं. ब्रिटनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांकडच्या ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, हा छोटा डोस औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरला. तोंड कोरडं पडतं, झोप येते, बद्धकोष्ठ असलेल्यांना जपून द्यावं लागतं. म्हणून स्वतःहून घ्यायचं नाही आणि मधेच सोडायचंही नाही.

प्रोबायोटिकच्या बाटल्यांबद्दल पुरावा मिश्र आहे. एखाद्याला एखादी लागू पडते. महिनाभर घेऊन बघा, फरक नसेल तर थांबा. रोजचं चालणं स्वस्त आहे आणि त्याचा पुरावा बरा आहे.

डॉक्टरांना सांगायचं कसं?

ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. त्यातली तीन आपण ‘म्हणजे कसं सांगू, पोट जरा असं…’ यात घालवतो. दोन आठवडे वहीत लिहून न्या : काय खाल्लं, कधी दुखलं, किती वेळा गेलात, त्या दिवशी दुसरं काय चाललं होतं. पाळीच्या तारखाही लिहा, पुष्कळ बायकांचा त्रास तेव्हा वाढतो.

उरला शौचाच्या वर्णनाचा प्रश्न. आपल्याकडे चार माणसांत कॅन्सर उच्चारता येतो, पण हे नाही. बाहेर रांगेत ओळखीचे लोक आणि आत डॉक्टरीणबाई आपली माजी विद्यार्थिनी, ही वेळ माझ्यावर आलेली आहे. त्यासाठी ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहराच्या नावाचा एक तक्ता आहे, तिथल्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९७ साली छापलेला. त्यात शौचाचे सात प्रकार चित्रांसह दिले आहेत. एक म्हणजे सुट्या टणक लेंड्या, तीन-चार म्हणजे व्यवस्थित, सात म्हणजे निव्वळ पाणी. मोबाइलवर सापडतो. घरी बघून जा आणि आत गेल्यावर फक्त आकडा सांगा. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, “सकाळी सहा, दुपारनंतर दोन.” तिने मान न वर करता लिहून घेतलं. पडद्याआड ताटकळणाऱ्या काकांना वाटलं, मी गोळ्यांच्या वेळा सांगतोय.